गुडघ्याएवढ्या उंचीवरची दरी

व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचे फोटो पाहून आलेला माणूस दरीच्या तोंडाशी पोचला की पहिली पाच मिनिटं हिरमुसतो. कासच्या पठारावर चांगल्या वर्षी एकाच रंगाची सतरंजी अंथरलेली दिसते, तसलं काही समोर नसतं. असतं ते कमरेएवढं ओलं हिरवं रान, त्यावर रेंगाळणारे ढग आणि मधेच कुठेतरी गुलाबी झाक. 'एवढ्यासाठी चार दिवस प्रवास?' हा प्रश्न मोठ्यांच्या तोंडावर असतो. तोवर बरोबरचं सात-आठ वर्षांचं पोर वाटेच्या कडेला उकिडवं बसलेलं असतं आणि त्याला एका हातभर जागेत पाच रंग सापडलेले असतात. ही दरी लांबून बघायची नाहीच. ती गुडघ्याच्या उंचीवरून बघायची, आणि मग घरातल्या सगळ्यात आखूड पायांच्या चालीने चालणं ही अडचण राहत नाही, तीच इथली योग्य चाल ठरते. पुढचं सगळं नियोजन या एका गोष्टीवर बेतलेलं आहे.

आधी जागा समजून घेऊ. उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात, बद्रीनाथच्या रस्त्यावर गोविंदघाट लागतं. तिथून जीपने चारेक किलोमीटर पुलना, आणि पुलन्यापासून घांगरियापर्यंत नऊ-दहा किलोमीटर चढण. गोविंदघाट साधारण १,८०० मीटरवर, तर घांगरिया ३,०५० मीटरच्या आसपास. राष्ट्रीय उद्यान घांगरियाच्या वर सुरू होतं. त्याला तो दर्जा १९८२ मध्ये मिळाला. नंदादेवी उद्यान १९८८ पासून जागतिक वारसा यादीत होतं, त्याला २००५ मध्ये ही दरी जोडली गेली. उद्यानाचं क्षेत्रफळ साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटर, पण आपण चालतो ती त्यातली एक बारीक रेघ.

दरीत मुक्काम करता येत नाही. सकाळी सातच्या सुमारास वनखात्याची चौकी उघडते, दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी पाचच्या आत सगळ्यांनी बाहेर यायचं असतं. म्हणून दिवसाचं गणित सकाळपासून पुढे मांडू नये, पाच वाजल्यापासून मागे मांडत जावं. मूल किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर परतीला तीन तास धरा. तुम्ही म्हणाल, उतार तर आहे. उतार आहे, पण दमलेल्या पायांचा आणि ओल्या दगडांचा. म्हणजे अर्धा तास हाताशी राखून दरीच्या आतल्या टोकाहून दीड वाजता पाठ फिरवायची. फुलं बघायला, बसायला, खायला अडीच-तीन तास हवेत. आत पोचायला आणखी तीन तास. बेरीज केली तर घांगरियातून सातला निघण्यावाचून गत्यंतर नाही. आठला निघालेलं कुटुंब दीड वाजता जेमतेम जेवायला बसतं आणि मग बाबा घड्याळ बघून सगळ्यांवर खेकसत राहतात.

आदल्या दिवशीची चढण हाही याच दिवसाचा भाग समजा. पुलन्याच्या वाटेवर खेचरांची सतत ये-जा असते. घंटा ऐकू आल्या की डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. खेचराच्या पाठीवरचं सामान दोन्ही अंगांनी बाहेर आलेलं असतं. त्याचा धक्का बसला तर डोंगराकडचा माणूस फक्त खरचटतो. मुलाचा हात धरणाऱ्यानेही आपण कड्याकडे आणि मूल आत, असं चालावं. याच वाटेवर कडेला बिच्छूघास असते. गढवाली तिला कंडाळी म्हणतात. आपल्या खाजकुइलीची ती चुलत बहीण नाही, पण वागणं तसंच. 'कशालाही हात लावायचा नाही' असं मोघम सांगून मुलं ऐकत नाहीत. एकदा ते झाड नेमकं दाखवलं की पुढे तीच मोठ्यांना दाखवत सुटतात.

गोविंदघाटहून घांगरियाला हेलिकॉप्टरही जातं, हवा असेल तेव्हा. सोय उत्तम, पण काही मिनिटांत साडेबाराशे मीटर वर चढल्याचा जाब शरीर संध्याकाळी विचारतं. चालत आलेल्याला निदान दिवसभराची मुदत मिळालेली असते. कसंही आलात तरी संध्याकाळी भरपूर पाणी, हलकं जेवण आणि लवकर झोप. थोडं डोकं धरणं, भूक मंदावणं या उंचीवर चालतं. डोकेदुखीबरोबर उलट्या होत असतील, झोक जात असेल, तर सकाळी वर जायचं नाही, खाली उतरायचं. औषधाचा प्रश्न निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरकडे सोडवावा, घांगरियातल्या शेजारच्या खोलीतल्या अनुभवी माणसाकडे नाही.

घांगरियाच्या वर तळ्याकाठी हेमकुंड हे शिखांचं तीर्थ आहे. ते आधी की दरी आधी, यावर घांगरियात रोज रात्री चर्चा झडते. दरी आधी. हेमकुंड चार हजार मीटरच्या बरंच वर आहे आणि सहा किलोमीटरची वाट जवळजवळ सरळ चढत जाते. दरीत चढ कमी, उंची कमी, आणि एक दिवस तिथे चालून झाला की दुसऱ्या दिवशी फुप्फुसं जरा शहाणी झालेली असतात. खेचरं हेमकुंडाला जातात, दरीत त्यांना मनाई आहे. दरीत स्वतःच्या पायांनी जायचं नसेल तर कंडी, म्हणजे माणसाच्या पाठीवरची वेताची टोपली. तीत पाठमोरं बसायचं. आजी कंडीत बसणार असतील तर त्यांना सुरुवातीपासूनच स्वेटर, टोपी, मोजे घाला. बाकीचे चालून घामाघूम होतात आणि त्यांच्या अंदाजाने आजींना कपडे दिले जातात. बसून राहिलेलं शरीर फारशी उष्णता तयार करत नाही, त्यामुळे आजी अर्ध्या तासात गारठतात आणि भिडेखातर बोलत नाहीत. टोपलीत बसवलेल्या लहान मुलाचंही तेच.

कपड्यांत सगळ्यात मोठी चूक जीन्सची. जाड सुती कापड भिजलं की दिवसभर वाळत नाही, वजनाला दुप्पट होतं आणि मांड्या सोलून काढतं. सुती बनियनही तसाच. अंगालगत पटकन वाळणारं कृत्रिम धाग्याचं कापड, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचं काहीतरी, आणि सगळ्यावर पावसाचं. पावसासाठी पोंचो उत्तम. आपल्याकडे भातलावणीला इरलं घेतात, त्याच तत्त्वावर तो चालतो: पाठीवरच्या पिशवीसकट सगळं झाकलं जातं आणि खालून हवा खेळती राहते. बंद रेनकोटात माणूस पावसाने नाही तर स्वतःच्या घामाने भिजतो. घांगरियात पातळ प्लॅस्टिकचे पोंचो मिळतात, ते पहिल्याच फांदीला फाटतात आणि त्यांच्या चिंध्या दरीत राहतात, तेव्हा घरूनच नीट घेऊन जा. छत्री चढावर निरुपयोगी, पण थांबून फुलाचा फोटो काढताना तिच्यासारखा दुसरा मदतनीस नाही.

बूट नवे नकोत. दोन-तीन पावसाळी रविवार सिंहगडावर किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या वाटेवर घालून मळवलेले हवेत. पायाची नखं निघण्याच्या दोन दिवस आधी कापावीत. उतारावर पाऊल बुटात पुढे सरकतं, वाढलेलं नख टोकाला आपटतं आणि काळं पडतं. प्रत्येकाचा मोज्यांचा एक जादा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत. दुपारी जेवताना बदलायचा, मग परतीला फोड येत नाहीत. मुलांचा कपड्यांचा अख्खा जोड घ्या, कारण ती ओढ्यात पडणार आहेत.

चौकीच्या पुढे टपरी नाही, चहा नाही, शौचालयाचाही भरवसा धरू नये. खाणं घांगरियातून बांधून न्यायचं. आदल्या रात्री सांगून ठेवलं तर हॉटेलवाला पहाटे आलूचे पराठे करून देतो. माणशी दोन, मुलाला एक. वर्तमानपत्रात गुंडाळलेले घेऊ नका, डबा न्या. घरून आणायच्या गोष्टींत गुळपोळी आणि शेंगदाण्याची चिक्की सगळ्यात भरवशाची. दोन्ही प्रवासात टिकतात, थंडीत कडक झाल्या तरी चावतात, आणि गूळ लगेच अंगी लागतो. आलेपाकाच्या वड्या तर हव्यातच: बद्रीनाथच्या वळणावळणाच्या रस्त्यात मळमळीवर आणि दरीत थंडीवर. पाणी मोठ्यांना दीड लिटर, मुलांना पाऊण. एका थर्मासमध्ये उकळतं पाणी न्या. दुपारी पावसात तो थर्मास उघडला की घरातली भांडणं थांबतात.

घांगरिया संपल्यावर थोड्याच अंतरावर दोन वाटा फुटतात. उजवीकडची गर्दीची हेमकुंडाला, डावीकडची दरीला. डावीकडे वळताच आवाज कमी होतो. मग चौकी, नोंदणी, तिकीट. आत नेत असलेल्या प्लॅस्टिकचा हिशेब स्वतःच ठेवा, जितके कागद नेले तितके मोजून परत.

पुढचा किलोमीटरभर सगळे चुकतात. वाट सोपी, सकाळ ताजी, मुलं पळत सुटतात, आणि पहिलंच रानफूल दिसल्यावर बाबा कॅमेरा काढून वीस मिनिटं तिथेच. दोन्ही आवरायला हवं. वाट पुष्पावती नदीकडे उतरते, पूल ओलांडते आणि मग खरी परीक्षा सुरू होते: दगडांची, वळणावळणांची, सरळ उभी चढण. इथे नियम एकच, सगळ्यांत पुढे मूल आणि सगळ्यांत मागे घरातला सगळ्यात दमदार माणूस. मुलाला मागे ठेवलं की ते धावत पोचतं तेव्हा बाकीचे विश्रांती संपवून निघालेले असतात. त्याला विश्रांती कधी मिळतच नाही आणि मग ते 'त्रास देतं'. वीस मिनिटं चाल, तीन मिनिटं उभ्यानेच थांबणं. बसलं की अंग निवतं.

या चढणीत भूर्ज भेटतात. ज्याच्या सालीवर जुने ग्रंथ लिहिले, तेच भूर्जपत्र. साल कागदासारखी सुटून लोंबत असते आणि ती ओढायचा मोह भल्याभल्यांना होतो. ओढू नका. खालची ओली साल उघडी पडली की झाड रोगाला मोकळं होतं. पडलेला तुकडा मुलाच्या हातात देऊन बघू द्यावा, पापुद्रे मोजू द्यावेत आणि तिथेच ठेवावा.

झाडी संपते आणि दरी उघडते, तिथे बहुतेकांचं वर सांगितलेलं हिरमुसणं होतं. त्यावर उपाय म्हणजे ओळखीच्यांपासून सुरुवात करणं. ऑगस्टमध्ये वाटेच्या दोन्ही अंगांना माणसाच्या उंचीची गुलाबी फुलं उभी असतात. ती नीट पाहा: मागे वळलेली शेपटी, फुगीर घडण, हात लावताच फटकन फुटून बिया उडवणारी शेंग. हा तेरडाच. गौरीला आपण जो आणतो त्याचा हिमालयातला थोराड भाऊ. कासच्या गुलाबी गालिच्यातला तेरडाही याच कुळातला. मुलांना दरीत कुठल्याही दुर्मीळ फुलापेक्षा ही शेंग जास्त आवडते, आणि वाटेवर उभं राहून एखादी फोडली तर दरीचं काही बिघडत नाही, बी पसरवायचं कामच होतं. खालच्या सावलीत फणा काढलेला दिसतो तो सापकांद्याच्या जातीचा. सह्याद्रीत पहिल्या पावसात उगवतो तो याचा सगेवाला.

मग परके. दगडांच्या आडोशाला निळी पॉपी: पातळ रेशमी पाकळ्या, मधे पिवळे पुंकेसर, देठावर काटे. रंग निळा की जांभळा यावर घरात मतभेद होणारच, कारण ढगाबरोबर तो बदलतो. काटेरी पानांचं मोरिना पांढरं उमलतं आणि परागसिंचन झालं की गुलाबी-लाल होतं, म्हणून एकाच दांडीवर दोन रंग दिसतात. कीटकांसाठी तो 'जागा भरलेली आहे'चा फलक. मुलाला एकदा सांगा, पुढचा तासभर ते एकटंच हिशेब करत चालतं. जांभळट जिरेनियम, तांबडी पोटेंटिला, जुलैत पांढरे ॲनिमोन, नदीकाठच्या गोट्यांत गुलाबी एपिलोबियम. सगळी नावं पाठ करायची गरज नाही. दहा फुलं नीट बघितली तर दिवस वसूल.

ब्रह्मकमळाचं मात्र सांगायला हवं, कारण दर कुटुंबात एक मावशी 'आमच्याकडे कुंडीत आहे' म्हणणारी असते. आपल्या गॅलरीत रात्री बाराला उमलणारं, ज्याच्यासाठी शेजाऱ्यांना बोलावून मसाला दूध केलं जातं, ते निवडुंगाच्या कुळातलं, मूळ मध्य अमेरिकेकडचं. उत्तराखंडाचं राज्यफूल असलेलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं: फिकट पिवळसर पारदर्शक पानांचं वेष्टण आणि आत जांभळट गुच्छ. ते उंचावर, खडकांत येतं. दरीच्या वाटेवर ते शोधत बसू नये, हेमकुंडाच्या चढावर शेवटच्या टप्प्यात भेटतं.

कुठलं फूल कधी, याचा ढोबळ हिशेब असा: जूनमध्ये वाटेवर बर्फ आणि फुलं तुरळक. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सगळ्यात जास्त प्रकार आणि सगळ्यात जास्त पाऊस. सप्टेंबरात बिया, पिवळी-तांबूस पानं, मोकळं आकाश आणि मोकळी वाट. फार लहान मूल असेल तर सप्टेंबरची सुरुवात बरी. फुलं कमी, पण रस्त्यावर दरडीही कमी. जुलै-ऑगस्टमध्ये जाताना परतीच्या गाडीआधी एक दिवस मोकळा ठेवाच. बद्रीनाथचा रस्ता बंद पडला की तो कधी उघडणार, हे डोंगर ठरवतो.

आत जाताना वनखात्याची माणसं एक वनस्पती उपटताना दिसू शकतात. गढवाली नाव अमेला. पुरुषभर वाढते, पांढऱ्या फुलांचे तुरे येतात, आणि तिच्याखाली बाकीच्यांना ऊन मिळत नाही. उद्यान होण्यापूर्वी भ्यूंडार आणि पुलन्याचे लोक मेंढ्या-बकऱ्या इथे चारायला आणत. चराई बंद झाली आणि अमेला माजली, असं काही जण म्हणतात. काहींच्या मते कारण इतकं सरळ नाही. उपटणारे हात मात्र बरेचसे त्याच गावांतले असतात. पाहुण्यांना ही दरी 'सापडली' १९३१ मध्ये. कामेट शिखरावरून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइद आणि त्याचे सोबती खिंड ओलांडून इथे उतरले. १९३७ मध्ये तो पुन्हा आला, पुस्तक लिहिलं, आणि त्यातलंच नाव दरीला चिकटलं. मेंढपाळांना ती कधी हरवलेलीच नव्हती.

त्या पुस्तकानंतर १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग ही वनस्पतींचे नमुने गोळा करणारी बाई आली. चोपन्न वर्षांची होती. खडकावरून घसरून इथेच गेली. तिची समाधी घांगरियापासून साधारण सहा किलोमीटरवर, सपाटीवर आहे. कुटुंबासाठी हेच परतीचं टोक ठरवावं. अलीकडे कुठेही फिरलात तरी चालेल, पलीकडे मात्र वाट ओढत नेते आणि घड्याळ विसरायला होतं. जेवण समाधीपाशी नको, जरा बाजूला, वाऱ्याच्या आडोशाला मोठा दगड बघून. गवतावर बसू नये, जिथे बसतो तिथलीच फुलं चिरडली जातात.

जेवताना मूल गप्प झालं किंवा उगाच रडायला लागलं तर एक क्रम लक्षात ठेवा. आधी गोड काही खायला द्या. दहा मिनिटांत हसलं तर भूक होती. नाही हसलं तर ओले कपडे काढून कोरडे घाला, टोपी घाला, कोमट पाणी द्या. त्यानेही फरक पडला नाही, खायला नको म्हणतं, डोकं दुखतं म्हणतं, तर उंचीचा त्रास समजून ताबडतोब उतरायला लागा. 'एवढे आलोच आहोत तर' हे वाक्य त्या क्षणी उच्चारू नये.

परतीला पाऊस धरतो, दुपारनंतर बहुतेक धरतोच. शेवाळलेल्या फरसबंदीवर टाच आधी टेकवली की पाय निसटतो. पावलं लहान, गुडघे जरासे वाकवलेले, तळवा पूर्ण टेकवून. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी काठी घांगरियातूनच घ्यावी आणि ती चढताना नाही तरी उतरताना वापरावी. दोन वळणांमधून शेतकऱ्यासारखं सरळ उतरायचा मोह आवरा: वेळ वाचतो दोन मिनिटांचा आणि पावसाचं पाणी त्याच रेघेने वाट खोदत जातं. पुलानंतरचा शेवटचा छोटा चढ सगळ्यांना जड जातो. आलेपाकाची शेवटची वडी तिथे.

चौकीवर पाचच्या आत. घांगरियात पोचल्यावर आधी बूट काढा, आतले पट्टे बाहेर, बुटात वर्तमानपत्राचे बोळे, तासाभराने बोळे बदला. शेगडीजवळ ठेवू नका, तळवा सुटतो. आणि तिकीट फेकू नका, कोरड्या पिशवीत ठेवा. ते तीन दिवस चालतं, तेरड्याच्या रंगासारखं. आज दिवसभर ढगच होते तर परवा, हेमकुंड झाल्यावर, नुसत्या पुलापर्यंत जाऊन येता येईल.